वर्गात मुली जास्त, मुक्त विद्यापीठात पुरुष जास्त: असं का होतं?

एका ग्रामीण सीनिअर कॉलेजात नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापिकेनं विचारलंय: "नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, फाइलसाठी जेंडर ऑडिट माझ्याकडे आलंय. आमच्या बी.ए.च्या हजेरीपटावर दर तीन नावांत दोन मुलींची आहेत. त्याच इमारतीत रविवारी मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरतं. घर सांभाळून शिकायची सोय म्हणजे तिथे बायकाच जास्त असणार असं मी धरून चालले होते, तर तिथे पुरुष जास्त निघाले. प्राचार्य म्हणतात, 'मुली पुढे गेल्या' एवढं लिहा आणि फाइल बंद करा. मुलगे गेले कुठे, आणि बायका रविवारी का येत नाहीत?"

मॅडम, प्राचार्यांचं वाक्य खोटं नाही. पण तेवढंच लिहून सोडलंत तर तुम्हाला पडलेले दोन्ही प्रश्न फाइलमध्ये बंद होतील, आणि ते चांगले प्रश्न आहेत. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी चोवीस वर्षं अभ्यासकेंद्र सांभाळलं, आधी समंत्रक, म्हणजे तिथे शिकवणारी, म्हणून, मग केंद्रसंयोजक म्हणून. त्याआधी आणि त्यासोबत रेग्युलरच्या वर्गावरही शिकवलं. दोन्हीकडचे हजेरीपट हाताखालून गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थोडक्यात उत्तर असं: मुलगे शिक्षणातून नाहीसे झालेले नाहीत, ते तुमच्या हजेरीपटाला दिसत नाहीत अशा जागी गेलेत. आणि बायका रविवारी येत नाहीत, कारण आपल्याकडच्या अर्धवेळ शिक्षणाचं घड्याळच कमावत्या पुरुषाच्या मनगटावरचं आहे.

आधी देशाचे आकडे बघू. तुमच्याच कॉलेजातून दरवर्षी ज्याचा फॉर्म भरला जातो ते अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, ज्याला आपण स्टाफरूममध्ये 'आयशे' म्हणतो, त्याच्या २०२१-२२ च्या अहवालात उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आहेत. त्यांत २ कोटी ७ लाख मुली. म्हणजे शंभरात अठ्ठेचाळीसलाही थोड्या कमी. २०१४-१५ मध्ये ३ कोटी ४२ लाखांत १ कोटी ५७ लाख होत्या, शंभरात सेहेचाळीसच्या आसपास. वाढ आहे, आणि चांगली आहे. पण त्याच अहवालात ढोबळ नोंदणी दर मुलींचा २८.५ आणि मुलांचा २८.३ आहे. डोकी मोजली तर मुली कमी, दर काढला तर मुली जास्त. हे एकाच वेळी कसं?

दर काढताना वर कॉलेजातली सगळी डोकी घेतात आणि खाली १८ ते २३ वयाची लोकसंख्या. खाली मुली मुळातच कमी आहेत. त्या का कमी आहेत हे महाराष्ट्राला सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्या वेळची पाच-सहा वर्षांची मुलगी आज कॉलेजच्या वयाची आहे. जन्मालाच येऊ न दिलेल्या मुलींमुळे भाजक लहान होतो आणि जगलेल्या मुलींचा दर वर चढलेला दिसतो. 'मुली पुढे गेल्या' असं म्हणताना मला दरवेळी हा आकडा आठवतो, आणि तो तुमच्या ऑडिटमध्ये एका ओळीत तरी असावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी बारीक गोष्ट. वर जी डोकी घेतात त्यांना वयाची अट नाही. अडतिसाव्या वर्षी बी.ए.ला बसलेली अंगणवाडी सेविका वरच्या संख्येत मोजली जाते, पण खालच्या संख्येत ती नाही. 'ढोबळ' हा शब्द त्यासाठीच आहे.

महाराष्ट्राचं चित्र आणखी वेगळं. आपला एकूण दर देशाच्या सरासरीपेक्षा बराच वर आहे, ३५ च्या आसपास. पण देशात मुलींचा दर मुलांच्या पुढे गेला तरी अलीकडच्या अहवालांत आपल्याकडे मुलगेच पुढे आहेत. याला एक कारण हिशोबाचं आहे. विद्यार्थी जिथल्या कॉलेजात शिकतो त्या राज्यात मोजला जातो, आणि पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग, मॅनेजमेंटच्या कॉलेजांत बाहेरून येणाऱ्यांत मुलग्यांचं प्रमाण मोठं आहे. दुसरं कारण हिशोबाचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक मुलगी कॉलेजचं तोंड बघायच्या आधीच सासरी गेलेली.

आता तुमच्या बी.ए.च्या वर्गातले मुलगे.

एक गठ्ठा दहावीनंतरच आयटीआयला जातो. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. तिथे मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असूनही ट्रेडच्या वर्गात मुली मोजक्याच असतात. आयटीआय 'आयशे'च्या मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे हा मुलगा उच्च शिक्षणाच्या आकड्यांत 'गळालेला' दिसतो, प्रत्यक्षात तो मशीनवर हात बसवत असतो. दुसरा गठ्ठा पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगला. देशभरात इंजिनिअरिंगला दहात तीनच्या आसपास मुली आहेत. घरात एकच मोठी फी भरायची ऐपत असेल तर ती कोणासाठी भरली जाते, हे तुम्ही आपल्या भागात बघितलंच असेल. भावाला डिप्लोमा, बहिणीला तालुक्याचं बी.ए. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलींच्या बहुमतातला काही भाग हा स्वस्त शिक्षणाच्या वाट्याला आलेल्या मुलींचा आहे. यात त्या मुलींचं काही कमी होत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी मला शिकवण्याचा आनंद दिला. पण बहुमताला प्रगती म्हणण्याआधी शेजारच्या पॉलिटेक्निकचा पट मागवून घ्या.

तिसरा गठ्ठा तुमच्याच हजेरीपटावर आहे, वर्गात नाही. नाव रेग्युलरला आणि माणूस चाकणला. असा एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस दिसला, मग गायब. मार्चमध्ये परीक्षेचा फॉर्म भरायला आला तेव्हा अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर शिवलेलं नाव, बोटांच्या पेरांत न निघणारं काळं ऑइल. रात्रपाळी करून एसटीनं आला होता, फॉर्म भरून त्याच रात्री परत जायचं होतं. मी म्हटलं, अरे, मग मुक्तला नाव घाल ना, तुझ्यासाठीच आहे ते. तो म्हणाला, "मॅडम, रेग्युलर असलं की स्कॉलरशिप मिळते, बोनाफाईड मिळतं, पास निघतो. आणि पोरगी बघायला गेलं की विचारतात, रेग्युलर का एक्सटर्नल." मला त्याचं खोटं काढावंसं वाटलं नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम कागदावर आहे, आणि कागदावर तो पूर्णवेळ विद्यार्थी होता. खरं तर तो अर्धवेळही नव्हता, उरलेल्या वेळाचा विद्यार्थी होता.

'आयशे'तले 'नियमित' आणि 'दूरस्थ' (मुक्त विद्यापीठासारखं घरून शिकण्याचं) हे रकाने म्हणजे पूर्णवेळ आणि अर्धवेळ असं समजू नका, ते त्याच्यासारख्यांमुळे. अहवालांत ठळकपणे येतात ते हेच दोन रकाने, आणि ते प्रवेश कुठे घेतला एवढंच सांगतात. वेळ किती मिळतो, हे त्यांत कुठेच नाही. नियमितच्या रकान्यात अर्धवेळ मुलगे भरलेत. आणि दूरस्थच्या रकान्यात क्वचित पूर्णवेळ मुलगेही सापडतील: पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास बसणारे, किंवा पहाटे मैदानावर भरतीसाठी पळणारे. पोलीस भरतीला बारावी चालते, तलाठ्याला पदवी लागते, म्हणून पदवी मुक्तमधून आणि जीव भरतीत. तुमच्या रविवारच्या केंद्रावर जे पुरुष दिसतात त्यांत हे आहेत. शिवाय बढतीसाठी पदवी हवी असलेले कंडक्टर, होमगार्ड, सोसायटीचे क्लार्क, सुट्टीवर आलेले जवान. त्यांना पदवी का हवी हे ते पहिल्याच दिवशी सांगतात, कारण त्या पदवीच्या टोकाला पगारवाढ बांधलेली असते.

तुमचा अंदाज चुकला तो इथे, आणि माझाही वर्षानुवर्षं चुकत होता. आपण म्हणतो, दूरस्थ शिक्षण म्हणजे बायकांची सोय. २०२०-२१ च्या सर्वेक्षणात दूरस्थ शिक्षणात ४५ लाख ७१ हजार विद्यार्थी होते, त्यांत २० लाख ९० हजार स्त्रिया. शंभरात सेहेचाळीसच्या आत. त्याच वर्षी एकूण उच्च शिक्षणात त्या शंभरात अठ्ठेचाळीसच्या पुढे होत्या. ज्या दारातून बायका जास्त येतील असं वाटतं, त्याच दारात त्या कमी आहेत. काही वर्षांपूर्वी हा वाटा चव्वेचाळीसच्या आसपास होता, म्हणजे हळूहळू वाढतोय, पण अजूनही मागेच आहे.

कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही, केंद्राच्या व्हरांड्यात उभं राहिलं तरी पुरे होतं.

आमची संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावर भरणारे वर्ग, रविवारी दहा ते चार. सकाळी दहाला वर्गात बायका बऱ्यापैकी असायच्या. साडेअकरापासून चुळबुळ सुरू. कोणी पर्स उघडून मोबाइल बघतेय, कोणी शेजारणीला खुणावतेय. बाराला एकेक जण वही पिशवीत सरकवून उठायची. "येते मॅडम, घरी सगळे आहेत." ही 'घरी सगळे आहेत' ची रविवारची गोष्ट ज्यांनी वेळापत्रक आखलं त्यांच्या ध्यानात आली नसावी. रविवारी नवरा घरी, मुलं घरी, नणंद माहेरपणाला आलेली, मटणाचा बेत. बाईच्या आठवड्यातला सगळ्यात भरगच्च दिवस आम्ही तिच्या शिक्षणासाठी निवडला होता. पुरुषांसाठी तोच दिवस मोकळा. जेवणाच्या सुट्टीनंतर वर्गात जवळजवळ सगळे पुरुषच उरत. मी कितीतरी वर्षं त्याला 'महिलांची गळती' म्हणत होते आणि अहवालात तसंच लिहून पाठवत होते.

मग एका वर्षी मी आणि एका सहकाऱ्यानं मिळून समाजशास्त्र आणि मराठीची एक बॅच मंगळवार-गुरुवार दुपारी साडेबारा ते तीन अशी लावली. भांडी-धुणी आवरलेली, पोरं शाळेत, नवरा कामावर, संध्याकाळच्या पाण्याला अजून अवकाश. वर्ग भरला, आणि तीन वाजेपर्यंत भरलेलाच राहिला. ज्या बायका रविवारी तोंड उघडत नव्हत्या त्या प्रश्न विचारायला लागल्या. एक जण डबा घेऊन यायची आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी पायरीवर बसून निवांत जेवायची. म्हणाली, "हे आठवड्यातलं माझं एकटीचं जेवण."

या घड्याळाचा इतिहास आहे, आणि तो आपल्याच राज्याचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली ती दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी. मुंबईत गिरणगावातल्या रात्रशाळा पाळ्या सुटल्यावर भरायच्या. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा कचेरीत नोकरी करणाऱ्यांना ऑफिसआधी शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' चा मार्ग घालून दिला. ही थोर माणसं होती. त्यांच्यामुळे ज्या घरांत अक्षर नव्हतं तिथे पदव्या आल्या, आमच्याही घरात आली. पण या सगळ्या वेळा, रात्र, पहाट, सुट्टीचा दिवस, या मजुरी किंवा नोकरी करणाऱ्या माणसाच्या मोकळ्या वेळा होत्या. रात्री आठला घराबाहेर पडून शिकायला जाणं बाईला कालही सोपं नव्हतं आणि आजही नाही. तिच्यासाठी आपल्याकडे वेगळ्या संस्था निघाल्या: रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन १९०९ चं, धोंडो केशव कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं. पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. पुस्तकं खरोखर घरोघरी गेली. संपर्कसत्राचा वार मात्र नोकरदाराच्या सुट्टीचाच राहिला.

घड्याळाबरोबर घरकामाचा आकडाही बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात २६, स्त्रिया ८१. पाच तास घरकाम, त्यात शेत असेल तर ते वेगळं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीतही, २०१७-१८ ची, शिक्षण सोडलेल्यांना कारण विचारलं तेव्हा पुरुषांत सगळ्यात मोठं कारण कमाईला लागणं, सुमारे ३७ टक्के, आणि स्त्रियांत घरकाम, सुमारे ३० टक्के. कमाईला लागलेला पुरुष शिक्षणाकडे परत येतो तेव्हा त्याच्या खिशात फी असते आणि बढतीची आशा असते. घरकामामुळे सुटलेल्या बाईकडे दोन्ही नसतं. तिला फी मागावी लागते, आणि पैशाच्या आधी परवानगी मागावी लागते.

परवानगीवरून सांगते. ऑनलाइन प्रवेश सुरू झाले तेव्हा मी बायकांच्या अर्जांत एक गोष्ट बघितली आणि मग ती सारखी दिसायला लागली. मोबाइल नंबर नवऱ्याचा. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर. परीक्षेचं वेळापत्रक, हॉलतिकिटाची लिंक, स्वाध्याय जमा करायची शेवटची तारीख, सगळं त्याच्या फोनवर. तो ट्रॅक्टरवर असला, गावाला गेला असला, किंवा दोघांचं बिनसलं असलं की तिचं वर्ष गेलं. एका वर्षी परीक्षेच्या दिवशी सकाळी एक बाई धापा टाकत आली, हॉलतिकीट नव्हतं. मेसेज तीन आठवड्यांपूर्वी आलेला होता, नवऱ्यानं उघडलाच नव्हता. आम्ही नोंदणी क्रमांक शोधून, प्रिंट काढून तिला वीस मिनिटं उशिरा बसवलं. पेपर लिहिताना तिचा हात थरथरत होता, ते अजून डोळ्यांपुढे आहे. ती पास झाली. पण त्या वर्षी पोहोचूच न शकलेल्या किती जणी, हे मला कधीच कळणार नाही.

वयाचा फरकही तुमच्या तक्त्यात हवा. माझ्या केंद्रावर पुरुष यायचे बहुतेक विशी-पंचविशीत. बायका दोन टप्प्यांत. एक, अठरा-वीसच्या, नव्यानं लग्न झालेल्या, बारावीची गुणपत्रिका माहेरून घेऊन आलेल्या, यांतल्या बऱ्याच जणी पहिल्या बाळंतपणात थांबायच्या. दुसऱ्या, तिशी ओलांडलेल्या, धाकटं पोर शाळेत जायला लागलं की. या दुसऱ्या टप्प्यातल्या बायका चिवट असत. बारावी नसलेल्यांसाठी विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम असायचा, त्यातून सातवी-आठवीला शाळा सुटलेल्या बायका आत आल्या. काहींनी पहिलं वर्ष दोनदा-तीनदा भरलं आणि पदवी घेतलीच. दरवर्षीच्या नोंदणीच्या तक्त्यात अशी बाई गैरहजर, नापास, परत नोंदणी अशी तुकड्यातुकड्यांत दिसते. नोंदणी किती झाली याच्याइतकंच, नाव घातलेल्यांतल्या किती जणी सात-आठ वर्षांत कधीतरी पदवीपर्यंत पोहोचल्या, हे मोजायला हवं. एका वर्षाची गळती ही तिच्या बाबतीत अनेकदा बाळंतपणाची रजा असते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात असाल तर आणखी एक. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, म्हणून कोयता पूर्ण करायला लग्न लवकर उरकतात. अशा मुलीला रेग्युलर कॉलेज अशक्य, हजेरीचा नियम तिला पहिल्याच सत्रात बाहेर काढतो. उन्हाळ्यात परीक्षा असेल तर मुक्तमधून ती शिकू शकते. माझ्याकडे अशा दोघी-तिघी होत्या. त्यांच्या स्वाध्यायाच्या कागदांना चुलीच्या धुराचा वास यायचा, आणि पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फडावर नेलेली असायची. सत्र पद्धतीत हिवाळ्यात परीक्षा आली की ती नेमकी त्यांच्या तोडीच्या दिवसांत पडते. नियम करणाऱ्यानं कोणाचं वाईट चिंतलेलं नसतं, पण वेळापत्रक हासुद्धा प्रवेशाचा निकषच असतो.

पदव्युत्तरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक वाक्य सांगते, कारण तिथला आकडा सगळ्यात जास्त फसवतो. देशात पदव्युत्तर वर्गांत मुली ५५ टक्क्यांच्या थोड्या वर आहेत. पदवी झाली की मुलग्याला घरून विचारतात, काय कमावतोस. मुलीला म्हणतात, "ठरेपर्यंत शिकू दे." आमच्याकडे एम.ए. भाग एकच्या कितीतरी मुली भाग दोनला एक्सटर्नल झाल्या, मधे काय झालं हे हळदीच्या हातांवरून कळायचं. तरीही या 'ठरेपर्यंत'च्या दोन वर्षांत काही जणी प्राध्यापकीसाठीच्या सेट-नेट परीक्षांना लागल्या, पीएच.डी.पर्यंत गेल्या. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रिया २०१४-१५ मध्ये देशात ४७ हजारांच्या घरात होत्या, २०२१-२२ मध्ये ९८ हजारांवर गेल्या. मिळालेल्या सवलतीचं मुलींनी सोनं केलं.

आता सरकारी सवलतींकडे या नजरेनं बघा. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत, एसटीचा पासही बारावीपर्यंत मोफत. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षेची फी पूर्ण माफ. आधी निम्मी होती. हा मोठा निर्णय आहे. 'भावाला डिप्लोमा, बहिणीला बी.ए.' हे गणित यानं बदलू शकतं, आणि तसं झालं तर येत्या काही वर्षांत तुमच्या बी.ए.च्या वर्गातल्या मुली कमी होतील. त्याला घसरण समजू नका, आनंदानं नोंदवा. पण ही सगळी मदत पूर्णवेळ शिकू शकणाऱ्या मुलीला मिळते. चौतिसाव्या वर्षी तीन हजारांची फी भिशीतून उभी करणाऱ्या बाईपर्यंत ती पोहोचत नाही.

पैशाचा धक्का अर्धवेळ शिकणाऱ्यांना आधी बसतो, हे ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसलं. आपल्या मुक्त विद्यापीठांनी ज्याच्याकडे बघून पावलं टाकली ते त्यांचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ चं. तिथे अर्धवेळ शिकणाऱ्यांत स्त्रियाच जास्त, आणि वयानं मोठ्या. २०१२ मध्ये इंग्लंडात फी तिपटीच्या घरात गेली, तेव्हा पूर्णवेळची तरुण मुलं कर्ज काढून येत राहिली, पण अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या पार कोसळली. घर आणि नोकरी सांभाळणारा माणूस शिक्षणासाठी कर्ज काढायला धजत नाही.

मग ऑडिटमध्ये काय लिहायचं? माझा सल्ला असा. नोंदणीचा तक्ता द्याच, तो मागतात. त्याच्या शेजारी आपल्या तालुक्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकचा पट द्या, म्हणजे मुलगे कुठे आहेत ते दिसेल. रेग्युलरच्या मुलांना नाव न घेता विचारा, आठवड्यातले किती दिवस कामावर असता. आधी ते घाबरतील, हजेरीवरून काढून टाकतील असं वाटेल. त्यांना प्राचार्यांच्या तोंडून अभय द्या, मगच प्रश्नावली वाटा. मुलींना विचारा, घरात भाऊ काय शिकतो आणि त्याची फी किती. अभ्यासकेंद्राच्या पटात वय, मुलांची संख्या, फी कोणी भरली आणि अर्जावरचा मोबाइल कोणाचा, हे चार रकाने वाढवा. शक्य असेल तर दहा वर्षांपूर्वीची एक तुकडी घ्या आणि त्यातल्या प्रत्येकीचं पुढे काय झालं ते शोधा. दोन महिने जातील, पण नॅकच्या सगळ्या फाइलींत तेवढंच कोणी वाचून काढेल.

आणि केंद्रसंयोजकांना भेटून मंगळवारच्या दुपारचा एक वर्ग मागा. खोली रिकामी असते, मला माहीत आहे, बारानंतर आर्ट्सची इमारत ओस पडते. पहिल्या दिवशी प्रत्येकीला स्वतःच्या नावाचा ई-मेल काढून द्या, सिमकार्ड नसेल तर जवळच्या मैत्रिणीचा नंबर घाला, आणि वेळापत्रक कागदावर छापून हातात द्या. आमच्या एका विद्यार्थिनीनं तो कागद गॅसच्या ओट्यावर, चहा-साखरेच्या डब्यांच्या मागे चिकटवला होता. तेलाचे डाग पडून तारखा पुसट झाल्या तेव्हा ती दुसरा मागायला आली होती.